पूर अडवणारा बांध घालण्याआधी शेतात चर का खणतात? 'चाचणी चर' म्हणजे नेमकं काय?

नदीकाठच्या गावाला पुरापासून वाचवण्यासाठी मातीचा बांध घालायचं ठरतं. नकाशे तयार होतात, जमिनीची मोजणी होते. पण इंग्लंडच्या ग्रामीण भागात अशा प्रकल्पासाठी पहिलं पोकलेन शेतात उतरतं, तेव्हा बहुतेकदा ते बांध घालायला आलेलं नसतं. ते दोन मीटर रुंदीचे लांबलचक चर खणतं. पोकलेनच्या बकेटवर नजर ठेवून एक पुरातत्त्वज्ञ शेजारी उभा असतो. काही दिवसांनी हेच चर पुन्हा मातीने बुजवले जातात.

बघणाऱ्याला हा खेळ वाटू शकतो. आधी खणायचं, मग बुजवायचं, आणि गाव मात्र पुढच्या पावसाळ्याच्या धास्तीत. पण या चरांवर बरंच काही ठरतं. बांध कुठून जाणार, त्यासाठी माती कुठून उचलायची आणि जमिनीखाली दोन-चार हजार वर्षं पडून असलेलं काही कायमचं नष्ट होणार का, याचे निर्णय त्यांतून निघतात.

चाचणी चर म्हणजे काय?

इंग्रजीत याला 'ट्रायल ट्रेंचिंग' म्हणतात. मराठीत चाचणी चर म्हणता येईल. पूर्ण उत्खनन करण्याआधी, किंवा उत्खननाची गरज आहे का हे ठरवण्याआधी, जमिनीचा नमुना तपासण्याची ही पद्धत आहे. भात शिजला का हे पाहायला दोन शितं चेपून बघतात, तसंच काहीसं.

साधारणपणे एक चर ३० ते ५० मीटर लांब आणि सुमारे २ मीटर रुंद असतो. हिशोब सोपा आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. ५० मीटर लांब आणि २ मीटर रुंद चर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे एका हेक्टरमध्ये असा एक चर खणला तर १ टक्का जमीन तपासून झाली. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी २ ते ५ टक्के जमीन अशी तपासली जाते. फ्रान्समध्ये हे प्रमाण सहसा ५ ते १० टक्के असतं.

चर सगळे एकाच दिशेने खणत नाहीत. काही उभे, काही आडवे, काही तिरके असतात. कारण जुना खंदक किंवा रस्ता चराला समांतर गेला, तर तो दोन चरांच्या मधल्या जागेत सहज निसटू शकतो. दिशा बदलत ठेवली की अशी लांबट रचना कुठे ना कुठे छेदली जाते.

नदीकाठच इतका महत्त्वाचा का?

माणूस पहिल्यापासून पाण्याच्या आसऱ्याने राहिला. मासे, गुरांसाठी कुरण, सुपीक जमीन आणि होडीने येण्या-जाण्याची सोय, हे सगळं नदीकाठी मिळायचं. त्यामुळे जुन्या वस्त्यांच्या खुणा तिथे जास्त असतात.

दुसरं कारण गाळ. प्रत्येक पुराबरोबर नदी थोडा गाळ पसरवते. शेकडो वर्षांत त्याचा जाड थर होतो आणि जुनी जमीन त्याखाली झाकली जाते. वर नांगर फिरत राहतो, पण तो खालपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाळाखालचे अवशेष अनेकदा चांगल्या अवस्थेत असतात.

तिसरं कारण ओलावा. दलदलीतल्या आणि पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरात प्राणवायू फारच कमी असतो. लाकूड, चामडं, दोर, बिया, परागकण अशा एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तिथे हजारो वर्षं टिकतात. कोरड्या जमिनीत लाकडी खांबाचा फक्त काळपट डाग उरतो. ओल्या जमिनीत खांबच सापडतो, तोही कुऱ्हाडीच्या घावांसकट.

अडचण अशी की जे चांगलं टिकतं, तेच वरून दिसत नाही.

बांध तर मातीवर घालायचा, मग खालचं नष्ट कसं होतं?

पूरसंरक्षक बांधामुळे जमिनीखालच्या अवशेषांना चार प्रकारे धोका होतो.

पहिला, बांधाच्या पायासाठी वरची माती खरवडून काढतात. अवशेष उथळ असतील तर ते तिथेच जातात.

दुसरा आणि बहुतेकदा सगळ्यात मोठा धोका म्हणजे माती उचलण्याची जागा. बांधाला प्रचंड माती लागते. ती लांबून आणणं महाग पडतं, म्हणून जवळच्याच शेतात मोठे खड्डे घेतले जातात. अभियंते त्यांना 'बरो पिट' म्हणतात. बांधाखाली निदान काही तरी शिल्लक राहतं. या खड्ड्यांत काहीच राहत नाही.

तिसरा, बांधाचं वजन. मऊ पीटवर हजारो टन माती आली की तो थर दबतो आणि आतल्या वस्तू चेपल्या जातात.

चौथा धोका पाण्याच्या पातळीचा. बांधाच्या आतल्या बाजूने पाणी काढून देण्यासाठी चर खणले की आसपासची जमीन कोरडी पडू लागते. ओलाव्यामुळे दोन हजार वर्षं टिकलेलं लाकूड मग काही वर्षांतच कुजू शकतं.

चर खणण्याआधी काय करतात?

थेट खणायला सुरुवात होत नाही. आधी कागदोपत्री अभ्यास होतो. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, त्या परगण्यात पूर्वी काय काय सापडलं त्याच्या नोंदी, हे सगळं तपासलं जातं.

मग लायडारचा नकाशा पाहतात. विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीचा चढ-उतार बारकाईने मोजण्याचं हे तंत्र. इंग्लंडच्या 'एन्व्हायर्न्मेंट एजन्सी' या सरकारी संस्थेने पुराचा अंदाज बांधण्यासाठी देशाच्या मोठ्या भागाची अशी मोजणी केली आहे. पाणी कुठे साचेल हे पाहायला तयार झालेल्या त्याच नकाशांत जुने बांध, बुजलेले खंदक आणि नदीचे सोडलेले प्रवाहही दिसतात.

त्यानंतर मॅग्नेटोमीटर घेऊन शेत पालथं घालतात. जिथे पूर्वी आग पेटली होती किंवा खड्डा वेगळ्या मातीने भरला गेला होता, तिथे चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक जाणवतो. कोरड्या शेतात हे तंत्र छान चालतं. पण वर एक-दीड मीटर गाळ असेल तर खालचे संकेत अंधूक होतात. नकाशावर काहीच दिसलं नाही, म्हणजे खाली काहीच नाही असं नदीकाठी म्हणता येत नाही. म्हणूनच शेवटी चर खणावे लागतात.

प्रत्यक्ष काम कसं चालतं?

आधी एक लेखी आराखडा तयार होतो. किती चर, कुठे, किती खोल, काय सापडलं तर काय करायचं, हे सगळं त्यात असतं. स्थानिक प्रशासनाचा पुरातत्त्व सल्लागार त्याला मान्यता देतो.

मग जमिनीखालच्या वीजतारा आणि पाइप शोधले जातात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडलेल्या भागात न फुटलेल्या बॉम्बचा धोकाही तपासावा लागतो.

पोकलेनला दात नसलेलं, सपाट कडेचं बकेट लावतात. दातांमुळे मातीवर ओरखडे उठतात आणि जुन्या खुणा पुसल्या जातात. सपाट कडेने माती पातळ थरांत तासून काढता येते. वरची सुपीक माती एका बाजूला आणि खालची माती दुसऱ्या बाजूला टाकतात, कारण शेवटी शेतकऱ्याला शेत होतं तसं परत द्यायचं असतं.

पहिली जुनी खूण दिसली, किंवा माणसाचा हात न लागलेली मूळ जमीन लागली, की पोकलेन थांबतं. पुढचं काम छोटी थापी आणि फावड्याने हाताने होतं. मातीचा रंग हा इथला मुख्य पुरावा. पिवळसर जमिनीत काळपट गोल डाग म्हणजे खांबाचा खळगा असू शकतो. लांबट काळा पट्टा म्हणजे बुजलेला खंदक. अशा खुणांचा काही भागच खणतात. खापर, हाड किंवा चकमकीच्या दगडाचं हत्यार मिळालं तर त्यावरून काळाचा अंदाज येतो. मातीचे नमुने बादल्या भरून घेतात आणि पाण्यात चाळून त्यांतल्या जळक्या धान्याचे दाणे वेगळे करतात.

नदीकाठी यात आणखी कटकटी असतात. चर थोडा खोल गेला की पाणी भरतं आणि पंप लावावा लागतो. खोल चराच्या भिंती कोसळू नयेत म्हणून पायऱ्या काढाव्या लागतात किंवा आधार द्यावा लागतो. शेताखाली निचऱ्यासाठी टाकलेल्या मातीच्या नळ्या तुटल्या तर त्या दुरुस्त करून द्याव्या लागतात. माणसाचे अवशेष सापडले तर काम तिथेच थांबतं. १८५७ च्या दफनविषयक कायद्यानुसार न्याय मंत्रालयाचा परवाना घेतल्याशिवाय ते हलवता येत नाहीत. चाचणीच्या टप्प्यावर शक्यतो ते जागेवरच ठेवले जातात.

पाच टक्के जमिनीवरून शंभर टक्क्यांचा अंदाज येतो का?

नेहमी नाही. या पद्धतीची ही खरी मर्यादा आहे.

गिल हे आणि मार्क लेसी या अभ्यासकांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण उत्खनन झालेल्या जागांवर वेगवेगळ्या प्रमाणात चर खणले असते तर काय हाती लागलं असतं, हे त्यांनी पडताळून पाहिलं. मोठे खंदक असलेल्या जागा, विशेषतः रोमन काळातल्या, कमी चरांतही सापडतात. पण विखुरलेली घरं, एकटेदुकटे खड्डे, कांस्ययुगातली किंवा सॅक्सन काळातली विरळ वस्ती सहज निसटते. २ टक्के चर अशा जागांसाठी फारच अपुरे ठरतात.

थोडक्यात, चरात काही सापडलं तर ते आहे हे नक्की. काही सापडलं नाही, तर 'बहुधा नाही' इतकंच म्हणता येतं. म्हणून चर कोरे निघाले तरी पुढे बांधकाम चालू असताना पुरातत्त्वज्ञाने हजर राहून लक्ष ठेवावं, अशी अट अनेकदा घातली जाते.

नजरेतून सुटलं तर काय होतं? बेकल्सचं उदाहरण

पूर्व इंग्लंडमध्ये नॉरफोक आणि सफोक या परगण्यांत 'ब्रॉड्स' नावाचा दलदलीचा प्रदेश आहे. तिथल्या सुमारे २४० किलोमीटर पूरसंरक्षक बांधांच्या दुरुस्तीचा २० वर्षांचा कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला.

२००६ मध्ये वेव्हनी नदीकाठी बेकल्स गावाजवळ हे काम चालू असताना पीटमधून लाकडी खांब वर येऊ लागले. पुढच्या काही वर्षांत तिथे उत्खनन झालं. ओकच्या खांबांच्या तीन समांतर रांगा दलदलीतून नदीकडे गेल्या होत्या, तेही अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबीच्या.

लाकूड टिकलं असल्यामुळे त्यातली वर्षवलयं मोजता आली. झाड दरवर्षी एक वलय धरतं. चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी पातळ. हा क्रम आधीच तयार असलेल्या हजारो वर्षांच्या क्रमाशी जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं. बेकल्सचे खांब ख्रिस्तपूर्व ७५ मध्ये तोडलेल्या झाडांचे निघाले. म्हणजे रोमन सैन्याने ब्रिटनमध्ये पहिलं पाऊल ठेवलं त्याच्या वीस वर्षं आधीचे. नंतर याच नदीकाठी बारशॅम आणि गेल्डेस्टन इथेही त्याच काळातल्या खांबांच्या रांगा सापडल्या. लोहयुगात त्या खोऱ्यात अशा रांगा एकाहून जास्त ठिकाणी होत्या, हे त्यातून पुढे आलं.

इथे नशीब चांगलं होतं. खांब मोठे होते आणि वेळेत लक्षात आले. त्यांच्याऐवजी फांद्यांची बारीक पायवाट असती, तर यंत्राखाली ती कुणाच्या लक्षातही न येता संपली असती.

समुद्राला जागा देताना सापडलेलं कांस्ययुग

दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावर सेल्सीजवळ मेडमेरी इथे समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये गोट्यांचा एक नैसर्गिक बांध होता. दर हिवाळ्यात यंत्रं लावून तो पुन्हा रचावा लागायचा. २००८ मध्ये समुद्र तो फोडून आत आला. त्यानंतर वेगळा मार्ग निवडला गेला. आतल्या बाजूला सुमारे ७ किलोमीटर लांबीचा नवा मातीचा बांध घालायचा आणि जुना बांध मुद्दाम फोडून समुद्राला जागा द्यायची. सप्टेंबर २०१३ मध्ये तसं करण्यात आलं.

नव्या बांधासाठी लागणारी चिकणमाती याच परिसरातून काढली गेली. त्या कामाबरोबर झालेल्या पुरातत्त्वीय तपासणीत कांस्ययुगातल्या वस्तीच्या खुणा आणि मध्ययुगातल्या मासे पकडण्याच्या लाकडी रचना सापडल्या. आज त्यातल्या बऱ्याच जमिनीवर भरतीचं पाणी खेळतं. तपासणी आधी झाली नसती, तर नंतर ती करणं जवळजवळ अशक्य होतं.

सापडलं तर प्रकल्प बंद पडतो का?

सहसा नाही. चाचणी चरांच्या अहवालानंतर साधारण चार पर्याय असतात.

* काही महत्त्वाचं नसेल तर काम पुढे सुरू होतं.
* आराखडा बदलतात. माती उचलण्याची जागा सरकवणं किंवा बांधाला थोडं वळण देणं हा अनेकदा सगळ्यात स्वस्त उपाय असतो.
* अवशेष जागेवरच ठेवून, त्यांना धक्का न लावता वरून बांध घालतात. पण वजन आणि पाण्याची पातळी यांचा विचार आधी करावा लागतो.
* दुसरा इलाजच नसेल तर पूर्ण उत्खनन करून सगळ्याची नोंद ठेवतात. जागा जाते, माहिती राहते.

खर्च कुणाचा, आणि उशीर होतो त्याचं काय?

इंग्लंडमध्ये १९९० साली आलेल्या 'पीपीजी १६' या नियोजन मार्गदर्शिकेनंतर एक तत्त्व रुजलं. जो बांधकाम करतो, त्याने आधी जमीन तपासायची आणि खर्चही त्यानेच करायचा. आजच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातही ते कायम आहे. खासगी बिल्डरच्या बाबतीत हे सरळ आहे. पण पूरसंरक्षक बांध बहुतेकदा सरकारी पैशातून होतात. म्हणजे गावाच्या सुरक्षेचा आणि इतिहासाच्या तपासणीचा पैसा एकाच खिशातून जातो.

ज्याच्या घरात दोनदा पाणी शिरलंय, तो 'खापरं महत्त्वाची की माणसं?' असं विचारणारच. हा प्रश्न चुकीचा नाही. पण चाचणी चर वेळेवर, म्हणजे आराखडा कागदावर असतानाच खणले, तर काम फारसं रखडत नाही. काम रखडतं ते चर न खणता यंत्रं उतरवल्यावर मध्येच काही सापडलं तर. तेव्हा यंत्रांचं भाडं चालू राहतं, कोरडा हंगाम निघून जातो आणि उत्खननही घाईत उरकावं लागतं. गाव आणि इतिहास दोघांचंही नुकसान होतं.

खरी अडचण येते ती अचानक फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीत. तिथे आठवडेच्या आठवडे तपासणीला वेळ नसतो. अशा वेळी जीव वाचवणं पहिलं, आणि काम चालू असताना जमेल तेवढी नोंद घेणं दुसरं.

भारतात काय स्थिती आहे?

धरणात बुडणाऱ्या जागांचं आधी उत्खनन करण्याचा अनुभव भारताला आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचं १९५४ ते १९६० या काळात मोठं उत्खनन झालं आणि तिथले अनेक अवशेष हलवून पुन्हा उभारले गेले. पण ती जागा आधीच माहीत होती. चाचणी चरांचा उपयोग माहीत नसलेल्या जागा शोधण्यासाठी होतो.

भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचं संरक्षण प्रामुख्याने घोषित स्मारकांना आणि स्थळांना आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. यादीत नसलेल्या शेताखाली काय दडलंय, हे या अंतरांवरून कळत नाही.

महाराष्ट्रातल्या नद्यांचे काठही काही रिकामे नाहीत. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकाळातली वस्ती समोर आली. २०१९ आणि २०२१ मध्ये याच पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरला वेढलं होतं, आणि पूरसंरक्षक कामांची मागणी तेव्हापासून जोर धरून आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचं डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्य साठवण्याच्या जागा आणि दफनं मिळाली. त्यासोबत पाण्यासाठी खणलेला एक पाट आणि दगड-मातीचा एक बांधही मिळाला. वस्तीला पुराच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी तो घातला असावा, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला.

नव्या पूरसंरक्षक बांधासाठी माती उचलताना असाच एखादा जुना बांध खोदला जाऊ शकतो. तो आहे की नाही हे आधी कळण्यासाठी दोन मीटर रुंदीचे काही चर आणि थोडे दिवस लागतात. माती उचलून झाल्यावर मात्र ते तपासायला काहीच उरत नाही.